माउथ ऑर्गनची पट्टी

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शाळेची सहल भाटघरास गेली होती. वेळवंडी नदीवरील हें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्या वेळीं त्यास लॉइड धरण असें नांव मिळालें. आतां त्याच्या जलाशयास शिवकालीन वीर येसाजी कंक यांचें नांव आहे. धरणाची लांबलचक भिंत, नीरेच्या कालव्यांसाठीं सांठविलेलें अफाट पाणी आणि आपोआप उघडणारे दरवाजे पाहून झाल्यावर मुलें कांठच्या झाडीखालीं जेवावयास बसलीं. जेवणापूर्वीं प्रार्थनागीत म्हणावयाचें, अशी आपल्या शाळेची चाल आहे. नववींतील एका विद्यार्थ्यानें वाढदिवसास मिळालेला नवा कोरा माउथ ऑर्गन बरोबर आणिला होता. त्यानें मोठ्या हौसेनें गीताचा सूर धरिला, आणि सर्व मुलांनीं त्या सुरावर गीत सुरू केलें.

पहिलें कडवें संपण्यापूर्वींच निम्मीं मुलें गप्प झालीं. उरलेलीं मान वर ताणून ओरडूं लागलीं. त्यांत एक चौदा वर्षांचा मुलगा होता. लहानपणापासून तो प्रार्थनेंत पहिल्या ओळींत उभा राहून गात आलेला. आमची सारी भिस्त त्याच्यावर. वरच्या सुरापाशीं त्याचा आवाज एकाएकीं फाटला. मुलें हंसलीं. आम्हींही त्यास धीर देण्याऐवजीं "सूर सोडूं नकोस, नीट लाव," असेंच सांगितलें. तो मुकाट्यानें खालीं बसला, आणि त्यानंतर महिनाभर प्रार्थनेच्या वेळीं त्यानें तोंड उघडलें नाहीं. शेवटीं त्याची आई शाळेंत आली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्याचा आवाज कायमचा गेला का हो?"

त्या माउलीच्या प्रश्नानें आम्ही ओशाळलों आणि विचार करूं लागलों. शोध करितां असें दिसून आलें कीं, मुलाच्या गळ्यांत कांहींच बिघाड नव्हता. पट्टी चुकली होती, आणि ती ओळखण्याचें काम शिक्षक या नात्यानें आमचें होतें. तोच धडा विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें ठेवावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

पट्टी म्हणजे काय?

आपल्याकडे गवई, कीर्तनकार व भजनी मंडळी एकमेकांस "तुमची पट्टी कोणती?" असें विचारितात, आणि "काळी एक" किंवा "पांढरी पांच" असें उत्तर येतें. ही भाषा हार्मोनियमवरून आलेली आहे. गायकानें आपला षड्ज, म्हणजे सा, ज्या पट्टीवर ठेवावयाचा ती त्याची पट्टी. एका सप्तकांत सात पांढऱ्या व पांच काळ्या मिळून बारा पट्ट्या असतात.

माउथ ऑर्गनच्या अंगावर मात्र इंग्रजी अक्षर कोरलेलें आढळतें. त्याचा मेळ पुढीलप्रमाणें बसवावा. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, ई म्हणजे पांढरी तीन, एफ म्हणजे पांढरी चार, जी म्हणजे पांढरी पांच, ए म्हणजे पांढरी सहा व बी म्हणजे पांढरी सात. अक्षरापुढें फ्लॅटची खूण असेल, तर त्या पांढरीच्या लगतची डावीकडील काळी समजावी. अर्थात् डी फ्लॅट म्हणजे काळी एक, ए फ्लॅट म्हणजे काळी चार व बी फ्लॅट म्हणजे काळी पांच. एवढें पाठ केलें, म्हणजे दुकानांतील कोणतेंही वाद्य हातीं येतांच तें कोणत्या पट्टीचें आहे हें सांगतां येईल.

दोन भावंडें

हार्मोनियम व माउथ ऑर्गन हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. हातानें भाता हलवून वाजविण्याची पेटी कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास प्रचारांत आणिली. तिकडे जर्मनींत ट्रॉसिंगन या गांवीं माथियास होनर नांवाच्या घड्याळजीनें १८५७ सालीं माउथ ऑर्गनचा कारखाना काढिला. दोन्ही वाद्यांच्या पोटांत पितळेच्या पातळ पत्त्या असतात. पत्तीचें एक टोक जखडलेलें व दुसरें मोकळें असतें. हवा तिच्यावरून गेली कीं ती कंप पावते व सूर निघतो. पत्ती लांब व जड असेल तर ती सावकाश हालते, आणि सूर खालचा निघतो. ती आंखूड व ताठ असेल तर झपाट्यानें हालते, आणि सूर उंच निघतो. पेटीस भाता वारा पुरवितो. माउथ ऑर्गनला आपलें फुप्फुस.

परंतु ह्या भावंडांत एक मोठा भेद आहे. हार्मोनियमवर सप्तकाचे बाराही सूर हजर असतात, म्हणून पेटीवाला बोटें सरकवून वाटेल त्या पट्टीवर षड्ज ठेवूं शकतो. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्यें वीस पत्त्या असतात. दहा फुंकल्यावर वाजतात, दहा श्वास आंत ओढल्यावर. त्या सगळ्या मिळून एकाच पट्टीचे सात शुद्ध सूर देतात. ज्यास दुसरी पट्टी पाहिजे, त्यास दुसरें वाद्यच घ्यावें लागतें. बाजूस दांडी असलेला, दाबतांच अर्धा सूर चढविणारा माउथ ऑर्गनही मिळतो. त्यावर बाराही सूर निघतात, परंतु तो महाग व शिकावयास कठीण असतो. आपल्या बाजारांत चोवीस छिद्रांचा, दोन दोन पत्त्या किंचित् निराळ्या लावून थरथरता सूर काढणारा जो प्रकार नेहमीं दिसतो, त्याची छिद्रांची मांडणी निराळी असते. मात्र एका वाद्यास एक पट्टी हा नियम त्यासही लागू आहे.

दहा छिद्रांच्या वाद्यावर पूर्ण सप्तक एकच, आणि तें मध्यें. चौथ्या छिद्रांत फुंकलें कीं सा, ओढलें कीं रे. पांचव्यांत फुंकून ग, ओढून म. सहाव्यांत फुंकून प, ओढून ध. सातव्यांत क्रम उलटतो: आधीं ओढून नि, मग फुंकून वरचा सा. पहिल्या तीन छिद्रांत म व ध हे सूर ठेविलेलेच नाहींत, आणि सर्वांत वरच्या टोकास नि नाहीं. निष्णात वादक जिभेच्या व श्वासाच्या वळणानें सूर खालीं वांकवून यांतील कांहीं उणिवा भरून काढितात; परंतु नवशिक्यानें मधल्या सप्तकांत बसणारें गीतच प्रथम निवडावें.

खालचें कोणतें, वरचें कोणतें?

आतां फसगतीची जागा सांगतों. हार्मोनियमवर पांढरी चार व पांढरी पांच ह्या शेजारणी आहेत. म्हणून एफचा माउथ ऑर्गन व जीचा माउथ ऑर्गन यांत फारसें अंतर नसेल, असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. नेहमींच्या संचांत जी हें सर्वांत खालचें वाद्य असतें; त्यापुढें ए फ्लॅट, ए, बी फ्लॅट व बी असे चढत जाऊन मध्यें सी येतो; नंतर डी फ्लॅट, डी, ई फ्लॅट, ई, आणि वरच्या टोकाकडे एफ. चौथ्या छिद्रांतील सा घेतला, तर जीच्या वाद्यावर त्याचे सेकंदास सुमारें ३९२ कंप होतात, सीच्या वाद्यावर ५२३, आणि एफच्या वाद्यावर ६९८. म्हणजे जी व एफ यांच्यामध्यें जवळ जवळ एका सप्तकाचें अंतर पडतें. यांशिवाय, अक्षरामागें "लो" हा शब्द असलेलीं त्याहूनही खालचीं, व "हाय" हा शब्द असलेलीं अधिक उंच वाद्यें निघतात. यास्तव विकत घेतांना नुसतें अक्षर पाहूं नये. त्यामागें हे शब्द आहेत कीं काय, तेंही पाहावें.

भाटघरास त्या विद्यार्थ्यानें आणिलेला माउथ ऑर्गन एफचा होता. चकचकीत, छोटेखानी व खणखणीत आवाजाचा म्हणून त्याच्या मामानें तो हौसेनें घेतला होता. वाद्य चांगलेंच होतें. आमच्या गीताच्या उपयोगाचें तेवढें नव्हतें.

श्वास कसा द्यावा?

खालच्या व वरच्या वाद्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत, म्हणून त्यांस वागवावेंही निरनिराळें. जी किंवा ए यांच्या खालच्या पत्त्या लांब असल्यामुळें त्या हालूं लागण्यास किंचित् वेळ घेतात. तेथें जोरानें फुंकल्यास पत्ती गुदमरते, सूर उमटतच नाहीं किंवा बसका निघतो. श्वास हळू, ऊन व सारखा द्यावा. ओंठ सैल ठेवावेत. जलद पलट्यांची घाई करूं नये. संथ प्रार्थना, पाळणा, ओवी असल्या चालींस हें वाद्य शोभतें. एफ किंवा ई यांच्या पत्त्या आंखूड असतात. त्या तत्काळ बोलतात, म्हणून जलद चालींस, कवाइतीच्या गीतांस व उघड्या मैदानावर दूर ऐकूं जाण्यास त्या बऱ्या. परंतु त्यांना अगदीं थोडा श्वास पुरतो. वरच्या छिद्रांवर जोर केला, तर सूर किंचाळतो आणि कानांस बोंचतो. सी हें वाद्य ह्या दोहोंच्या मध्यें असल्यामुळें, शिकण्यासाठीं पहिलें वाद्य म्हणून तेंच बहुधा सुचविलें जातें.

भाटघरचे दरवाजे मुलांनीं पाहिलेच आहेत. पाणी ठरलेल्या पातळीस चढलें कीं ते आपोआप उघडतात. कोणी त्यांस धक्के मारीत नाहीं. माउथ ऑर्गनची पत्ती तशीच समजावी. श्वास तिच्या मापास पोंचला कीं ती स्वतःच बोलूं लागते. त्याहून अधिक जोर केल्यास आवाज वाढत नाहीं, पत्ती मात्र थकते, हळूहळू बेसूर होते आणि एके दिवशीं तुटते.

कांहीं सूचना स्वच्छतेच्या आहेत. वाजविण्यापूर्वीं चूळ भरावी. खाऊ खाऊन लगेच वाजवूं नये. थंडींत वाद्य प्रथम मुठींत धरून ऊबदार करावें. वाजवून झाल्यावर छिद्रें खालीं करून तळहातावर हळूच आपटावें, म्हणजे आंतील ओल निघून जाते. लांकडी कण्याचें वाद्य पाण्यांत बुडवूं नये, लांकूड फुगतें. एकानें वाजविलेलें वाद्य दुसऱ्यानें तसेंच तोंडास लावूं नये.

गळ्याचें माप

वाद्याची माहिती झाली. आतां मुख्य गोष्ट. पट्टी कशावरून ठरवावी? शिंपी सदरा बेततो तो कापडाच्या लांबीवरून नव्हे, अंगाच्या मापावरून. तसेंच गाण्याचें आहे. आधीं गळा मोजावा, मग गीत मोजावें, आणि शेवटीं वाद्य निवडावें.

त्या मुलाची परीक्षा आम्हीं शाळेच्या हार्मोनियमवर अशीच केली. प्रथम त्यास सावकाश खालीं उतरावयास सांगितलें. मधल्या पांढरी एकच्या खालची जी पांढरी पांच, तेथपर्यंत त्याचा सूर स्वच्छ लागला. त्याखालीं नुसती हवा. मग वर चढावयास सांगितलें. मधल्या पांढरी एकच्या वरील पांढरी चारपर्यंत तो सुखानें गेला. त्यापुढें गळा ताणूं लागला. एवढें त्याचें त्या दिवसाचें शेत. आमचें प्रार्थनागीत सापासून धपर्यंत सहाच सुरांचें आहे. षड्ज पांढरी पांचवर ठेविला, तर ध पांढरी तीनवर येतो, म्हणजे गीत त्याच्या शेतांत बसतें. काळी चारवर ठेविला तरी नेमकें बसतें. सीच्या वाद्याप्रमाणें मधल्या पांढरी एकवर ठेविला, तर ध पांढरी सहावर, म्हणजे बांधाबाहेर जातो. आणि एफच्या वाद्यानें तर त्याची दोहों बाजूंनीं कोंडी केली होती. वरच्या पांढरी चारपासून आरंभ करावा, तर पुढचे सारे सूर आवांक्याबाहेर. खालच्या पांढरी चारपासून करावा, तर पहिला षड्जच लागत नाहीं. अशा स्थितींत जगांतला कोणताही गुरु "नीट लाव" म्हणाला, तरी त्या बिचाऱ्यानें काय करावें?

यांत वयाचाही भाग आहे, तो पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. साधारणपणें बाराव्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत मुलग्यांचें स्वरयंत्र वाढतें, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. मुलींचा आवाजही उतरतो, परंतु थोडा. हा बदल चालू असतां मुलाचा गळा आज एक, तर चार महिन्यांनीं दुसरा असतो; मधूनच तो फाटतो. हें दुखणें नव्हे, वाढ आहे. या दिवसांत मुलानें गाणें सोडावें असें नाहीं; त्यानें थोडें, हलकें व सोसेल त्या पट्टींत गावें. उंच सुरांवर हट्टानें ओरडण्यानें मात्र गळ्यास इजा होते. त्याहून मोठी इजा मनाला होते. "ह्याला सूरच नाहीं" हें एक वाक्य ऐकून जन्मभर गाण्यास मुकलेलीं माणसें आपल्या प्रत्येकाच्या ओळखींत असतील.

षड्ज बदलून पाहावा काय?

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "घरीं सीचाच माउथ ऑर्गन आहे, त्यावरच पांढरी पांचला सा मानून वाजवूं नये काय?" प्रश्न उत्तम आहे. सीच्या वाद्यावर दुसऱ्या छिद्रांत श्वास ओढला कीं पांढरी पांच मिळते. तेथें सा मानून चढत गेलें तर रे, ग, म, प, ध बरोबर येतात. नि मात्र कोमल येतो, कारण त्या वाद्यांत काळी पट्टीच नाहीं. अर्थात् बिलावलाचा खमाज झाला. तसेंच चौथ्या छिद्रांत ओढून येणाऱ्या पांढरी दोनला सा मानलें, तर ग व नि दोन्ही कोमल येऊन काफीचा थाट उभा राहतो. एकाच सप्तकांतून निरनिराळे थाट काढण्याची ही युक्ति आपल्या संगीतांत मूर्च्छना या नांवानें पूर्वापार ठाऊक आहे. पाश्चात्य वादकही पट्टी न बदलतां रंग बदलण्यासाठीं तीच योजितात. गीतांत शुद्ध निषाद नसेल, तर ही वाट जरूर चोखाळावी. आमच्या प्रार्थनागीतांत नि मुळींच नाहीं, म्हणून निषादाची अडचण येत नाहीं. परंतु वर सांगितल्याप्रमाणें खालच्या छिद्रांत ध नसल्यामुळें तेथें आपल्या षड्जापुढचा रेच, म्हणजे पांढरी सहा, हातीं लागत नाहीं. तीं छिद्रें सोडून सहाव्यांत फुंकून येणाऱ्या वरच्या पांढरी पांचवर सा धरिला, तर सूर पुन्हां उंच जातो. म्हणून शाळेनें जीचेंच वाद्य आणविलें.

सोबत

१९६४ सालीं निघालेला "दोस्ती" हा हिंदी चित्रपट पुष्कळ पालकांनीं पाहिला असेल. त्यांत एक पांगळा मुलगा माउथ ऑर्गन वाजवितो व त्याचा अंध मित्र गातो. संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीचें. त्यांपैकीं लक्ष्मीकांत कुडाळकर हे मराठी गृहस्थ. पडद्यामागें माउथ ऑर्गन वाजविला होता राहुलदेव बर्मन यांनीं, जे पुढें स्वतः नामांकित संगीतकार झाले. कथेंत एक पांगळा, दुसरा अंध. परंतु एकाचें वाद्य दुसऱ्याच्या गळ्यास धरून चालतें. सोबत म्हणतात ती हीच. गाणाऱ्याबरोबर वाजविणारानें आधीं त्याचा षड्ज विचारावा, कडवें चालूं असतां सूर दबका ठेवावा, आणि दोन कडव्यांच्या मधील जागा तेवढी भरावी.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, वाद्य घेण्यापूर्वीं एकदां आपला गळा पेटीवर मोजून घ्या, आणि दर सहामाहीस पुन्हां मोजा. लहान मुलें व मुली यांच्याबरोबर वाजवावयाचें असल्यास जी, ए फ्लॅट किंवा ए हीं वाद्यें बहुधा सोईचीं पडतात. आवाज पुरता उतरलेल्या मोठ्या मुलांस सी किंवा डी फ्लॅट. एकट्यानें वाजवावयाचें असेल, तर जें कानाला गोड लागेल तें. पालकांस विनंति अशी कीं, मूल बेसूर गातें असें वाटल्यास त्यास गप्प करण्याआधीं पट्टी दोन सूर उतरवून पाहावी.

पुढच्या महिन्यांत आम्हीं जीचें वाद्य त्याच नववींतील वादकाच्या हातीं दिलें. त्यानेंही, आपल्या हौसेमुळें मित्र गाण्यास मुकला हें मनास लावून घेतलें होतें. चार दिवस संध्याकाळीं थांबून त्यानें हलका श्वास देण्याचा सराव केला. प्रार्थनेच्या वेळीं त्यानें षड्ज धरिला. पहिल्या ओळीस कोणी गाइलें नाहीं असें वाटलें. दुसऱ्या ओळीस तो मुलगा गाऊं लागला, आणि मागोमाग सारा वर्ग. आवाज पूर्वीपेक्षां खालचा होता, आणि स्वच्छ होता. त्याच्या आईस आम्हीं त्याच दिवशीं निरोप धाडिला कीं, आवाज गेलेला नाहीं. तो मोठा होत आहे.